ऑनलाइन विश्वकोश : एका टिचकीवर माहिती, पण पारख वाचकाचीच

बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे वय किती? शालेय प्रकल्पापासून स्पर्धा परीक्षेपर्यंत कोठेही विचारला जाईल, असा हा साधा प्रश्न आहे. महाजालावर शोध घेतला, तर मात्र त्याची दोन उत्तरे समोर येतात. काही ठिकाणी सुमारे ५० हजार वर्षे, तर काही ठिकाणी सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. दोन आकड्यांमध्ये दहापटींहून अधिक तफावत आहे. ऑनलाइन विश्वकोशाचा उपयोग आणि त्याची मर्यादा, या दोन्ही गोष्टी या एका उदाहरणातून स्पष्ट होतात.

मराठी वाचकाला कोशवाङ्मय नवे नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विसाव्या खंडाचे काम २०१५ मध्ये पूर्ण झाले. या विश्वकोशातील नोंदी आता संगणकाच्या पडद्यावरही वाचता येतात. त्या तज्ज्ञांनी लिहिलेल्या, संपादकांनी तपासलेल्या असून त्यांखाली लेखकाचे नावही असते.

विकिपीडियाची रीत निराळी आहे. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू केलेल्या या मुक्त कोशाची मराठी आवृत्ती २००३ मध्ये अवतरली. येथे कोणीही लिहू शकतो आणि दुसऱ्याने लिहिलेले दुरुस्तही करू शकतो. त्यामुळे नवी घटना लगेच नोंदली जाते. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, त्याच वर्षी सरोवराचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. छापील खंडाला अशी भर घालण्यासाठी नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागते.

ऑनलाइन कोशाचे खरे बलस्थान म्हणजे त्यातील दुवे. छापील कोशात विषय अकारविल्हे लागतात. येथे ते अर्थसंबंधाने जोडलेले असतात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झाले, असे वाचल्यावर ‘बेसाल्ट’ या शब्दावर टिचकी मारावी, तर वाचक दख्खनच्या पठारावर पोहोचतो. हे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनले आहे. तेथून पुढचा दुवा त्याच सुमारास झालेल्या डायनोसॉरच्या विनाशाकडे आणि मेक्सिकोतील चिक्शुलूब या महाकाय आघात विवराकडे नेतो. लोणारपासून निघालेला वाचक तीन-चार टिचक्यांत भूगर्भशास्त्र, जीवशास्त्र आणि खगोलशास्त्र यांना स्पर्श करून येतो.

मात्र वेग वाढला की चूकही वेगाने पसरते. विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली असल्याने अनेक संकेतस्थळे तो जसाच्या तसा वापरतात. एकच आकडा पाच ठिकाणी दिसला, म्हणजे पाच पुरावे मिळाले असे नव्हे. पाचही ठिकाणचा उगम एकच असू शकतो. कधी कोशातील चूक वृत्तलेखात जाते आणि पुढे तोच लेख कोशात संदर्भ म्हणून दिला जातो.

यावर उपाय त्याच पानावर असतो. लेखाच्या तळाशी दिलेले संदर्भ पाहावेत. ‘संदर्भ हवा’ अशी खूण असलेले विधान पडताळल्याखेरीज स्वीकारू नये. ‘इतिहास’ या विभागात कोणता बदल केव्हा झाला, ते दिसते. ‘चर्चा’ या विभागात संपादकांमधील मतभेद वाचता येतात. त्याच विषयाची दुसऱ्या भाषेतील नोंद आणि मराठी विश्वकोशातील नोंद ताडून पाहिल्यास विसंगती लवकर ध्यानात येते.

लोणारच्या दोन आकड्यांचा उलगडाही संदर्भांतूनच होतो. आघातात तयार झालेले काचसदृश द्रव्य तापवून, त्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून केलेल्या कालमापनात सुमारे ५२ हजार वर्षे हे वय मिळाले होते. त्यानंतर आर्गॉनच्या समस्थानिकांवर आधारित कालमापनातून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे हा आकडा पुढे आला. म्हणजे दोहोंपैकी एकही आकडा मनाने रचलेला नाही. पद्धत आणि काळ वेगळा आहे. विद्यार्थ्याने आकड्यासोबत पद्धतीचाही उल्लेख केला, तर त्याचे उत्तर अधिक भक्कम ठरते.

एखाद्या मराठी नोंदीत केवळ जुनाच आकडा आढळला, तर तिथेच संदर्भासह नव्या आकड्याची भर घालण्याची सोय विकिपीडियाने वाचकाला दिली आहे. ती वापरली गेली, तर पुढच्या विद्यार्थ्याला निदान दोन्ही उत्तरे एकाच ठिकाणी, मराठीत मिळतील.