आधी मोजमाप, मग पाना

सकाळी ८:३०
कोल्हापूरच्या उद्यमनगरात शटरं वर जाताहेत. चार सिलिंडरची एक पेट्रोल गाडी काल संध्याकाळी मुद्दाम ठेवून घेतली आहे. तक्रार एकच, ऑईल खाते. रात्रभर उभ्या गाडीचा पहिला सेल्फ पाहायलाच हवा. पोऱ्यानं सेल्फ मारला, मी सायलेन्सरपाशी. निळा धूर भसकन आला आणि थोड्याच वेळात निवळला.

९:००
गेज काढून पाहिला, ऑईल खालच्या खुणेच्याही खाली. संप, फिल्टर, क्रँकचे सील सगळे कोरडे. म्हणजे गळत नाही, जळतंय. बहुतेक गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण लिटरभराचा फरक असतो. वरच्या खुणेपर्यंतच भरलं. त्याहून जास्त भरलं की क्रँक ऑईल घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून ते पुन्हा जळायलाच जातं.

१०:००
कागलच्या दिशेनं महामार्गाला लागलो. चढाला रेस दिली, धूर नाही. उताराला गिअरमध्येच पाय काढला आणि पुन्हा रेस दिली, तसा मागे निळा लोट. पाय काढला की इनटेकची ओढ वाढते. व्हॉल्व्ह सील खराब असेल तर वरचं ऑईल व्हॉल्व्हच्या दांडीवरून आत उतरतं. रिंगा गेल्या असत्या तर धूर चढालाच दिसला असता.

११:३०
नुसत्या संशयावर इंजिन उघडायचं नाही. गरम इंजिनचे चारही प्लग काढले, पेट्रोल आणि करंट बंद केला, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कम्प्रेशन घेतलं: १६५, १६०, १५८, १६२ पीएसआय. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून पुन्हा घेतलं. रिंगा झिजल्या असतील तर हा आकडा चांगलाच वर उडी मारतो. इथं जेमतेम हलला. पीसीव्ही व्हॉल्व्हही हलवून पाहिला, आतून खुळखुळतोय. तोही मोकळा.

दुपारी १:३०
मालकाचा फोन. "मिस्त्री, दुसरीकडं हाफ इंजिन सांगितलंय. करायलाच लागतंय का वो?"
"नाही दादा. रिंगा चांगल्या आहेत. सील बदलू, हेडसुद्धा उतरवायला नको."
माणसाचा सुटलेला श्वास फोनवरही ऐकू येतो.

२:३०
टॅपेट कव्हर उघडलं, रॉकर काढले. हेड जागेवर ठेवून स्प्रिंग काढायची, तर व्हॉल्व्ह आत पडू नये म्हणून टेकू हवा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, एक टोक बाहेर ठेवायचं आणि हातानं क्रँक फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरीचा बोळा व्हॉल्व्हला खालून धरून ठेवतो. स्प्रिंग दाबून चिमुकले लॉक चुंबकानं उचलले. जुना सील नखानं दाबला तर रबर वाकेना, कडेनं तडकलं. उष्णतेनं त्याचं पार लाकूड झालेलं. नव्याच्या ओठाला ऑईल लावून तो सरळ दाबून बसवला. असं एकेक करत सगळे.

५:००
एक वडापची डिझेल जीप आली. चालू इंजिनचं ऑईल भरायचं झाकण काढलं तर तिथूनच धुराचे फुसकारे. ड्रायव्हरमामांना स्पष्ट सांगितलं, हे रिंगांचं लक्षण दिसतंय. इंजिन उतरवून शेजारच्या बोअरिंगवाल्याकडं बोअर वर, मधे, खाली मोजू. झीज मर्यादेत असेल तर होनिंग आणि नव्या रिंगा. नाहीतर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन. किती खर्च, ते मोजल्यावरच.

७:००
गाडी मालकाच्या ताब्यात. बिलावरच किलोमीटर लिहून दिले: दर ५०० किलोमीटरला सपाट जागी गेज बघा, किती ऑईल घातलं ते लिहा. काही कंपन्यांच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटर चालतं असं छापलेलं असतं. त्याहून जास्त जाऊ लागलं तर लगेच या. जळलेल्या ऑईलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निकामी करतो. जाड ऑईल घालून धूर झाकू नका. ऑईल खाणारं इंजिन वाचवता येतं. ऑईलविना चालवलेलं मात्र बेअरिंग आणि क्रँक सोबत घेऊनच जातं.