वेदना आणि उपचार – लेखांक ९ : देहातील विद्युतघट आणि त्याचे भरण

मागील लेखांकात मज्जारज्जूला सौम्य विद्युत्स्पंद देऊन जुनाट वेदना शमविण्याच्या उपचाराची रूपरेषा आपण पाहिली. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी मांडलेला वेदनेचा द्वारनियंत्रण सिद्धान्त, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी नॉर्मन शीली या अमेरिकन शल्यविशारदाने त्याच सिद्धान्ताच्या आधारे एका कर्करोगपीडित रुग्णाच्या पाठीत बसविलेले पहिले उद्दीपक, यांची हकीकतही तेथे सांगितली होती. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, रुग्ण घरी परतला, येथवर आपण आलो होतो. परंतु रुग्णाचा खरा कारभार येथूनच सुरू होतो; कारण बसविलेले यंत्र पुनर्भरणाच्या जातीचे असेल, तर त्याच्या पोटातील विद्युतघट वेळोवेळी भरण्याची जबाबदारी यापुढे रुग्णालयाकडून निघून घराकडे येते, आणि ती पुढील कित्येक वर्षे तेथेच राहते. या जबाबदारीविषयी शस्त्रक्रियेपूर्वी फार थोडे बोलले जाते, ही मला मोठी उणीव वाटते. म्हणून आजचा सबंध लेखांक तिलाच वाहिला आहे.

कामठीच्या वाचकांना पाठदुखीची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. १८२१ साली कन्हानच्या काठी लष्करी छावणी वसली, तेव्हापासून ओझे वाहणारा शिपाई, मागावर ओणवा होऊन बसणारा विणकर, भोवतालच्या कोळसाखाणींत राबणारा मजूर, आणि मांडीवर सूप घेऊन दिवेलागणीपर्यंत विड्या वळणारे ते कामकरी, ज्यांच्या संघटनेसाठी बाबू हरदासांनी आपले अल्प आयुष्य वेचले, अशा अनेकांच्या कंबरेवर या गावाचा चरितार्थ चालत आला आहे. मात्र एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट केली पाहिजे. स्नायूंचा शीण, सांध्यांची झीज किंवा बैठकीचा दोष यांतून उद्भवणाऱ्या साध्या पाठदुखीसाठी हे यंत्र नाही. मणक्याची शस्त्रक्रिया होऊनही पायात सतत उतरणारी आग, मधुमेहाने तळपायांत पेटलेला दाह, किंवा दुखापत भरून आल्यानंतरही एखाद्या अवयवाला जखडून बसलेली दारुण वेदना, अशा मज्जातंतूंच्या विकृतीतून उठणाऱ्या दुखण्यांत त्याचा विचार होतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २००८ मध्ये घातलेल्या निकषानुसार वेदना १०० पैकी किमान ५० इतकी तीव्र असावी आणि योग्य ते इतर उपचार करूनही ती निदान ६ महिने टिकलेली असावी. त्याखेरीज तात्पुरती तार घालून काही दिवस चाचणी घ्यावी, आणि तीत वेदना निम्म्याने तरी उतरली तरच कायमचे यंत्र बसवावे, असा सामान्यतः रूढ दंडक आहे.

देहात बसविलेल्या यंत्राला वीज कोठून पुरवावी, हा प्रश्न या विद्येइतकाच जुना आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या देहात रुने एल्मक्विस्ट यांनी घडविलेला, देहात ठेवावयाचा जगातील पहिला हृदयस्पंदक बसविला, तेव्हा त्यातील निकेल-कॅडमियमचे घट त्वचेबाहेरून विद्युत्प्रवर्तनाने भरण्याची तजवीज त्यात केलेली होती. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले, तरी त्यामागील कल्पना मेली नाही. आणि लार्सन स्वतः, एकामागून एक यंत्रे बदलीत, २००१ पर्यंत जगले. मज्जारज्जूच्या आरंभीच्या उद्दीपकांत तर घटच नसे. रुग्णाने त्वचेवर लावलेल्या आकाशकातून आतील ग्राहकाला अखंड शक्ती पुरवावी लागे, आणि बाहेरचा प्रेषक काढला की उपचारही थांबे. पुढे घटासह संपूर्ण यंत्र देहात ठेवता येऊ लागले. पण तो घट एकदा संपला की त्वचा पुन्हा उघडून यंत्र बदलावे लागे, आणि ज्याला तीव्र स्पंदांची गरज असे त्याच्यावर हा प्रसंग दोन-चार वर्षांतच येई. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये बाजारात आला आणि त्याने हे सारे चित्र पालटले. ज्या तिघांच्या संशोधनातून तो घडला, त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. २००४ मध्ये मज्जारज्जूच्या पहिल्या पुनर्भरणक्षम उद्दीपकाला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि नऊ-दहा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ, तेच यंत्र चालविणे शक्य झाले.

भरणामागील तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली प्रयोगाने सिद्ध केलेले आहे. एका वेटोळ्यातून पालटता प्रवाह वाहू लागला की त्याच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र क्षणोक्षणी बदलते, आणि त्या क्षेत्राच्या आवाक्यात दुसरे वेटोळे असेल तर त्यातही, मध्ये कसलाही तारेचा संबंध नसताना, प्रवाह उत्पन्न होतो. चार्जरच्या चकतीत पहिले वेटोळे असते, कंबरेच्या वर किंवा नितंबाच्या वरच्या भागात त्वचेखाली ठेवलेल्या यंत्रात दुसरे. स्वयंपाकघरातील इंडक्शनची शेगडी याच नियमाने भांडे तापविते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या व्यवस्थेचा गुण आणि तिचा धोका हे दोन्ही एकदम ध्यानात येतील. कारण बदलते क्षेत्र वेटोळ्याला जशी वीज देते, तशीच ते यंत्राच्या टिटॅनियमच्या आवरणातही भोवरी प्रवाह उठवून त्याला थोडेफार ऊन करते. म्हणूनच चार्जरवर तापमानाची मर्यादा ठेवणारी योजना असते, आणि म्हणूनच भरण सुरू असताना झोपू नये अशी सक्त ताकीद दिलेली असते.

दोन वेटोळ्यांतील अंतर वाढले, किंवा ती परस्परांना समांतर न राहता कलली, की पोहोचणारी शक्ती झपाट्याने घटते. त्यामुळे यंत्र त्वचेखाली फार खोल ठेवून चालत नाही. निरनिराळ्या बनावटींत ही मर्यादा सुमारे एक ते अडीच सेंटिमीटरांच्या दरम्यान सांगितलेली असते. शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या दिवशी केलेली ही एक सेंटिमीटरची निवड रुग्णाला पुढे दहा वर्षे भोगावी लागते किंवा उपभोगता येते. पट्टा नेमका कोठे येतो, खुर्चीची पाठ कोठे टेकते, कोणत्या कुशीवर झोप लागते, हे सारे ध्यानात घेऊन यंत्राची जागा आगाऊ, रुग्णाला उभे करून व बसवून, त्वचेवर खूण करून ठरवावी, असा जाणत्यांचा शिरस्ता आहे, आणि रुग्णाने तो आग्रहाने मागून घ्यावा.

आता प्रत्यक्ष विधी. बहुतेक संचांत चार्जर स्वतःच एक लहान घट बाळगतो. तो प्रथम भिंतीवरील विजेने भरून ठेवायचा, आणि मग पट्ट्यात घालून किंवा चिकटपट्टीने यंत्राच्या नेमक्या जागेवर बसवायचा. चकती योग्य जागी आली की चार्जर ध्वनीने वा दिव्याने खूण देतो. ती खूण मिळेपर्यंत घाई न करता चकती बोटभर इकडेतिकडे सरकवावी, आणि मिळाल्यावर पट्टा आवळून शांत बसावे. उघड्या त्वचेवर चकती न ठेवता मध्ये पातळ सुती कापड ठेवणे इष्ट. जखम पुरती भरलेली नसेल तर तिच्यावर ती मुळीच ठेवू नये. कामठीत वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, तेव्हा दुपारी घामेजलेल्या अंगावर चिकटपट्टी टिकत नाही, त्वचा चुरचुरते, आणि आधीच तापलेला चार्जर मध्येच थांबतो. यास्तव उन्हाळ्यात हे काम पहाटे किंवा रात्री जेवणानंतर, कूलरसमोर बसून करावे, आणि चार्जर उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत कधीही ठेवू नये. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक विद्युत केंद्रे हाकेच्या अंतरावर असली, तरी वळवाच्या वादळात कामठीचीही वीज जाते. परंतु चार्जर नेहमी भरून ठेवण्याची शिस्त असेल, तर त्या रात्रीही भरण अडत नाही.

किती वेळा भरावे, याचे एकच उत्तर नाही. सेकंदाला ४०–६० स्पंद देणारी आणि वेदनेच्या जागी मुंग्यांची जाणीव उत्पन्न करणारी जुनी पद्धत तुलनेने मितव्ययी आहे. तीत बहुधा आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा, एक-दोन तास बसणे पुरते. सेकंदाला १०,००० स्पंद देणाऱ्या पद्धतीला, जिला अमेरिकेत मे २०१५ मध्ये मान्यता मिळाली, मुंग्यांची जाणीव नसते. पण तिची भूक मोठी असल्याने सामान्यतः रोज थोडा वेळ भरण करावे लागते. मुंग्या नसण्याच्या या सुखात एक अडचणही दडलेली आहे: घट संपून यंत्र थांबले, तरी ते लागलीच कळत नाही, काही तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, वेदना परत येते, आणि तेव्हा कारणाचा शोध सुरू होतो. म्हणून भरणासाठी ठराविक वार आणि ठराविक वेळ नेमून ठेवावी, आणि रिमोटवरील घटाची पातळी पाहण्याची सवय लावावी. घट पूर्ण रिता होऊ देणे तर सर्वस्वी टाळावे. काही यंत्रे अशा अवस्थेतून सहज सावरतात. काहींना चिकित्सकाच्या उपकरणाने पुन्हा जागे करावे लागते. आणि काही जुन्या बनावटींचा घट त्यामुळे कायमचा दुबळा होतो. ज्याची शस्त्रक्रिया मुंबईत झाली असेल, मग ती डॉ. परेश दोशी यांच्यासारख्या विद्युत्उद्दीपनात नाव मिळविलेल्या जसलोक रुग्णालयातील शल्यविशारदाच्या हातून का होईना, त्याला एवढ्या कारणासाठी नागपूरहून रात्रभराचा रेल्वेप्रवास करावा लागू शकतो. यंत्राला नवे हुकूम देणारा माणूस आपल्या जवळ कोठे भेटेल, हे म्हणूनच आधी विचारून ठेवले पाहिजे.

काही अडचणी शिस्तीने सुटत नाहीत. वजन वाढले की त्वचा आणि यंत्र यांमधील मेदाचा थर वाढतो आणि भरण रेंगाळते. सैल कप्प्यात यंत्र उलटे फिरले तर भरण थांबतेच, आणि मग लहानशी शस्त्रक्रिया करून यंत्र सरळ करावे लागते. ज्याचे हात संधिवाताने आखडले आहेत, ज्याची दृष्टी मधुमेहाने मंदावली आहे, ज्याची स्मृती विरळ होत आहे, किंवा ज्या वृद्धेच्या घरी पाठीमागे पट्टा बांधून देणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी पुनर्भरणाचे यंत्र हा गुण न राहता जाच होतो. अशांना न भरावयाचे यंत्र देऊन काही वर्षांनी ते बदलणे हेच अधिक दयाळूपणाचे. उलट, वय कमी, स्पंदांची गरज मोठी आणि हातपाय धड असतील, तर वारंवारच्या शस्त्रक्रिया व त्यांतील जंतुसंसर्गाचा धोका टाळणारा पुनर्भरणक्षम घटच श्रेयस्कर. हा निवाडा कंपनीच्या माहितीपत्रकावरून करू नये. घरातील माणसे मोजून करावा.

खर्चाचा तपशीलही याच बैठकीत निघावा. यंत्राची किंमत कित्येक लाखांच्या घरात जाते, म्हणून निवृत्त सैनिकाने, विमाधारक कामगाराने वा शासकीय नोकराने आपापल्या कार्यालयाकडून लेखी मंजुरी आगाऊ घ्यावी; चार्जर बिघडल्यास नवा कोण देणार, पट्टे आणि चिकटपट्ट्या कोठे मिळणार, हमीची मुदत किती, याची नोंद दफ्तरी ठेवावी.

आणि एवढा खटाटोप सार्थ आहे काय? भारतीय वंशाचे कॅनडास्थित शल्यविशारद कृष्ण कुमार यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या चाचणीत, ६ महिन्यांनी पायाची वेदना निम्म्याने वा अधिक उतरलेले रुग्ण उद्दीपकाच्या गटात ४८ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ९ टक्के होते. याउलट २०२२ मध्ये नॉर्वेतील ५० रुग्णांच्या चाचणीत, विशिष्ट जातीचे स्पंद देणारे यंत्र कधी चालू व कधी बंद ठेवून रुग्णाला न सांगता तुलना केली असता, लक्षणीय अंतर आढळले नाही. आणि २०२३ च्या कॉक्रेन परीक्षणाने कंबरदुखीतील उपयोगाविषयी गंभीर शंका घेतली. या दोन्ही बाजू रुग्णाला सांगितल्या पाहिजेत. ज्याला खरा आराम मिळाला आहे तो आठवड्यातील दोन तास आनंदाने देतो. ज्याला तो मिळालेला नाही, त्याच्याकडून केवळ झालेल्या खर्चाच्या भिडेने पट्टा बांधवून घेणे अन्यायाचे आहे, आणि यंत्र बंद ठेवून पाहण्याचा, प्रसंगी काढून घेण्याचाही, त्याचा हक्क अबाधित मानला पाहिजे.

तेव्हा शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी चार्जर एकदा हातात मागून घ्यावा, पट्टा स्वतः बांधून पाहावा, आणि जो हे काम घरी करून देणार आहे त्यालाही त्या वेळी सोबत न्यावे. तेथे जे जमणार नाही, ते घरी आल्यावर आपोआप जमेल अशी आशा धरू नये.

पुढील लेखांकात, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात औषध थेंबाथेंबाने सोडणाऱ्या आणि सुईने पुन्हा भरावयाच्या पंपाचा विचार करू.