थर्मोस्टॅट काढला म्हणून ट्रक थंड राहत नाही

उन्हाळा लागला की हायवेवरच्या गॅरेजांत एक सल्ला हमखास मिळतो. गाडी घाटात तापते ना? मग थर्मोस्टॅट काढून टाका, नाहीतर ८२ अंशांचा काढून ७१चा बसवा. सल्ला स्वस्त आहे, म्हणूनच तो इतका चालतो.

गैरसमज : आकडा जितका कमी, तितकं इंजिन थंड.

थर्मोस्टॅटवर कोरलेला ८२ म्हणजे झडप उघडायला सुरुवात होते ते तापमान. आतल्या डबीतलं मेण तापून फुगतं आणि झडपेला ढकलतं. पुढच्या दहा-पंधरा अंशांत ती पूर्ण उघडते. तोवर कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरतं, नंतर रेडिएटरकडे जातं. म्हणजे थर्मोस्टॅटच्या हातात आहे ते किमान तापमान. कमाल तापमान ठरतं रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि मागे भरलेला माल यांवर. भरलेली गाडी कसारा घाट चढताना कूलंट शंभराकडे सरकतं, तेव्हा ७१चा थर्मोस्टॅट सताड उघडा असतो आणि ८२चाही. मग बदलून मिळालं काय?

मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५वर असताना साधं गणित करून पाहा. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. कूलंट ७१ अंशांवर असेल तर फरक २६चा, ९५वर असेल तर ५०चा. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण गरम कूलंटमधून जवळपास दुप्पट उष्णता निघते. त्या उन्हात भरल्या गाडीचं इंजिन ७१वर रोखून धरणं रेडिएटरच्या आवाक्यातलंच नाही.

गैरसमज : थर्मोस्टॅट थंड देशांसाठी, आपल्याकडे नसला तरी चालतं.

अनेक ट्रक इंजिनांत झडप उघडताना तिची खालची चकती बायपासचं, म्हणजे कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरवणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करते. थर्मोस्टॅटच काढला की हे तोंड कायमचं उघडं. मग गरम कूलंटचा एक भाग रेडिएटरचं तोंडही न पाहता पुन्हा इंजिनात शिरतो, आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. सपाटीवर, रिकाम्या फेरीत किंवा थंडीतल्या पहाटे मात्र इंजिन गारच राहतं. डिझेल नीट जळत नाही, लायनरवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं, रिंगा आणि लायनर झिजतात, एव्हरेज पडतं. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ गाड्यांत आणखी एक घोळ : इंजिन तापलंच नाही असं सेन्सर सांगत राहतो आणि डीपीएफमधली, म्हणजे धुराच्या फिल्टरमधली, काजळी जाळण्याचं काम रखडू शकतं.

गैरसमज : काटा शंभरावर गेला म्हणजे पाणी उकळलं.

रेडिएटरचं झाकण कुकरसारखा दाब धरतं. १५ पीएसआयच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे १२१ अंशांना उकळतं, कूलंट त्याच्याही पुढे. पण झाकणाचं रबर कडक झालं असेल तर ही सगळी सवलत गेली. इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो घरीच तपासता येतो. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीने लटकवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरून मंद आचेवर तापवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला आणि गार होताना पुन्हा मिटला, तर तो ठीक. ८२चा सत्तरीतच उघडत असेल किंवा मिटतच नसेल, तर बदला. बसवताना हवा सोडणारी हलती पिन असेल, तर ती वरच्या बाजूला ठेवा.

आणि आकडा कोणता? तुमच्या इंजिनासाठी कंपनीच्या पार्ट बुकात छापलेला, तोच. तरीही घाटात गाडी तापत असेल, तर आधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती आणि किडे काढा, मग फॅन बेल्ट, फॅनचा क्लच आणि वॉटर पंप बघा.