नाक दाबलं की तोंड उघडतं!

आधी एक व्हायवाचा प्रश्न. घरचा गॅस सिलिंडर, लासलगावचा कांदा, आईची हिंगाची डबी आणि आपल्या हॉस्टेलच्या जिन्यात वाळत घातलेले (म्हणजे न धुता वाळत घातलेले) मोजे, या चौघांत साम्य काय? नुसतं 'वास' म्हणालात तर अर्धे मार्क. पूर्ण मार्कांचं उत्तर आहे गंधक, म्हणजे सल्फर. चौघांच्याही वासात सल्फरची संयुगं आहेत. या टोळीतला पाचवा मेंबर आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. त्याचं नाव लिम्बुर्गर. जर्मनीतलं चीज. पनीरइतकं घट्ट नाही, लोण्याइतकं मऊ नाही, वरून केशरी-तपकिरी, जरा चिकट, आणि वासाच्या बाबतीत जगात बदनाम.

मागच्या उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी दोन महिने आखेनला होतो. तिघांत एक किचन, एक फ्रिज. फ्रिजमध्ये माझ्या जर्मन रूममेटची काचेची, घट्ट झाकणाची बरणी असायची आणि तिच्यात हे महाशय. आखेन म्हणजे जर्मनीचं पश्चिम टोक, सीमा ओलांडली की बेल्जियम. लिम्बुर्गरला ज्यावरून नाव पडलं तो जुना लिम्बुर्ग प्रांत याच भागातला, आज तो बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीत वाटला गेलाय. पण चीज खऱ्या अर्थाने जर्मन झालं ते दक्षिणेकडच्या आल्गॉय भागात. तिथल्या कार्ल हिर्नबाइन नावाच्या उद्योगी शेतकऱ्याने १८३० च्या सुमारास बेल्जियमकडची ही पद्धत आपल्या डोंगराळ मुलखात आणली.

आता हे बनतं कसं ते बघू. पनीर आपण सगळेच जाणतो : तापलेल्या दुधात लिंबू पिळलं, फाटलं, फडक्यात बांधलं, संपलं. तिथे जिवाणूंचा संबंध नाही, म्हणून पनीर 'मुरत' नाही, नुसतं खराब होतं. लिम्बुर्गरचं नातं आपल्या लोणच्याशी जास्त. दुधाला विरजण लावतात आणि रेनेट घालतात. (रेनेट हे मूळचं वासराच्या जठरातलं एन्झाइम. हल्ली बुरशीपासून केलेलंही मिळतं, तेव्हा शाकाहारी मंडळींनी पाकिटावरचं वाचून घ्यावं.) दूध घट्ट जमलं की त्याचे चौकोनी तुकडे कापायचे, निवळी गाळायची, साच्यात भरायचं, मिठाच्या पाण्यात बुडवायचं. इथपर्यंत तयार होतं ते खारट, आंबट, ठिसूळ, बिनवासाचं काहीतरी.

खरी गंमत पुढे. या विटा १०-१५ अंश तापमानाच्या, ९० टक्क्यांहून जास्त दमट खोलीत ठेवतात आणि दर थोड्या दिवसांनी मिठाच्या पाण्याने पुसून उलटतात. ताज्या चीजचा पीएच साधारण ५, म्हणजे चांगलाच आंबट. तिथे पहिल्यांदा यीस्ट येतं आणि वरच्या थरातलं लॅक्टिक अॅसिड खाऊन टाकतं. आंबटपणा कमी होऊन पीएच ६ च्या आसपास गेला की दुसरी शिफ्ट कामावर हजर : ब्रेविबॅक्टेरियम लिनेन्स. याला मीठ चालतं, दमटपणा आवडतो, हवा लागतेच. इतर बुरशा मीठ आणि पुसापुशीने मागे पडतात, हा मात्र फोफावतो. चीजचा केशरी रंग बराचसा याच्याच अंगचा. हा प्रोटीन तोडतो, त्यातल्या मेथिओनिन नावाच्या अमिनो आम्लापासून मिथेनथायॉल नावाचा वायू सोडतो, आणि इथे वासाचा जन्म होतो.

मिथेनथायॉल म्हणजे कोण? गॅस गळतोय हे कळावं म्हणून सिलिंडरमध्ये जे इथाइल मर्कॅप्टन मिसळतात, त्याचा धाकटा भाऊ. एक कार्बन कमी. आपलं नाक या कुटुंबाच्या बाबतीत भलतंच तिखट आहे, अब्जात काही कण असले तरी ओळखतं. म्हणून तर सिलिंडरसाठी याच खानदानाची निवड झाली.

मेकॅनिकलवाल्यांना आवडेल असा एक मुद्दा. आल्प्समधलं एमेन्टाल चीज ८० किलोचं, बैलगाडीच्या चाकासारखं असतं. लिम्बुर्गर मात्र हातात मावेल एवढी वीट, २०० ते ५०० ग्रॅमची. असं का? एमेन्टाल आतून सगळीकडे एकदम पिकतं, तर लिम्बुर्गर बाहेरून आत पिकतं. काम करणारे जिवाणू फक्त पृष्ठभागावर. म्हणजे हा सरळसरळ डिफ्यूजनचा प्रॉब्लेम झाला, हीट ट्रान्सफरमधल्या कॅरॅक्टरिस्टिक लेंथसारखा. ५×५×१२ सेंमीच्या विटेचं घनफळ ३०० आणि पृष्ठफळ २९०, भागाकार जेमतेम १ सेंमी. ८० सेंमी व्यासाच्या, १६ सेंमी जाडीच्या चाकाचा हाच भागाकार साडेपाचच्या वर जातो. लिम्बुर्गर त्या मापाचं केलं तर वरचा थर सडून वाहायला लागेल आणि मध्ये तसाच कच्चा खडू राहील. महिन्याच्या विटेत खडूसारखा गाभा दिसतोच. दीड महिन्यात कडा मऊ होतात, तीन महिन्यांत सगळी वीट सुरीने पसरवता येते. तोवर बरणीचं झाकण उघडण्याआधी घरातल्यांना पूर्वसूचना द्यावी लागते.

मोजे का आठवले ते सांगतो. आपल्या पायाच्या बोटांत राहणारा जिवाणू लिम्बुर्गरवाल्याचा जवळचा नातेवाईक आहे आणि तोही मिथेनथायॉलच सोडतो. 'पायासारखा वास येतो' ही शिवी नाही, निरीक्षण आहे! नेदरलँड्सच्या वाखेनिंगनमध्ये बार्ट नोल्स हा संशोधक नुसत्या चड्डीवर डासांच्या खोलीत बसला आणि डास कुठे चावतात ते मोजलं. आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या अॅनॉफिलीस गॅम्बिई डासाची मादी मुख्यतः पाय आणि घोट्यांकडे जात होती. मग पायाऐवजी लिम्बुर्गर ठेवून पाहिलं, तर ती तिकडेही गेली. १९९६ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं, २००६ मध्ये त्याला इग्नोबेल मिळालं. हसायचं तर हसा, पण त्यातून डासांच्या सापळ्यात घालायच्या वासाची दिशा मिळाली. (आपल्याकडचे मलेरियाचे डास वेगळ्या जातीचे, तेव्हा खिडकीत चीज टांगू नका.)

मग असली चीज (दोन्ही अर्थांनी!) माणसं मिटक्या मारत खातात कशी? कारण नाकाला दोन दारं आहेत. एक पुढचं, श्वासाचं. दुसरं मागचं, घशाकडून वर जाणारं. चावताना पदार्थाचा वास मागच्या दाराने जातो आणि मेंदू त्याला वास न म्हणता 'चव' म्हणतो. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये हा फरक नीट मांडला. पुढच्या दाराने नकोसा वाटणारा वास मागच्या दाराने हवासा वाटू शकतो. लिम्बुर्गरच्या बाबतीत शिवाय असं, की वासाचा मोठा वाटा बाहेरच्या थरात असतो. आतलं चीज खारट, दुधाळ, थोडं मांसल, आणि अपेक्षेपेक्षा खूपच सौम्य लागतं. नाक दाबून खाण्यात मात्र अर्थ नाही. नाक दाबलं की हवा फिरत नाही, मागचं दारही बंद होतं आणि उरतं नुसतं मीठ. खात्री करायची असेल तर नाक दाबून बडीशेप चावा, मग सोडा.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २००५ मध्ये ऑक्सफर्डला एक प्रयोग झाला. लोकांना एकच वास दिला : आयसोव्हॅलेरिक अॅसिड आणि थोडा चेडरचा स्वाद. कधी सोबत शब्द दाखवले 'चेडर चीज', कधी 'अंगाचा वास'. पहिल्या वेळी तोच वास लोकांना बराच सुखद वाटला आणि स्कॅनमध्ये मेंदूचा प्रतिसादही वेगळा दिसला. रेणू तेच, पाटी वेगळी.

हे वाचलं तेव्हा मला फर्स्ट इयरचा आमचा पालघरकडचा मित्र आठवला. घरून सुकटीची चटणी आणायचा. रूममधल्यांनी त्याचा डबा महिनाभर खिडकीबाहेर ठेवायला लावला. पुढे तो कॉलेजजवळ फ्लॅट बघायला गेला तर मालकाने ब्रँच विचारायच्या आधी 'खाता काय?' हे विचारलं आणि दार लावून घेतलं. सुकटीचा वास सल्फरचा नाही, अमाइनचा. पण डबा बाहेर काढणारी हीच मंडळी रविवारी मिसळीवर दोन कांदे रिचवून बसमध्ये शेजाऱ्याशी गप्पा मारत होती. त्याने शेवटी चटणी आणणंच सोडलं. आणि आखेनमध्ये माझ्या वाट्याला काय आलं? वरणाला हिंगाची फोडणी दिली आणि रूममेटने तीनही खिडक्या उघडल्या. जर्मन भाषेत हिंगाला एक जुनं नाव आहे 'टॉयफेल्सड्रेक', म्हणजे सैतानाची विष्ठा! हे मला त्यानेच सांगितलं, लिम्बुर्गरला सुरी लावता लावता. मग तह झाला. हिंगाची डबी बरणीत, त्याचं चीजही बरणीत, आणि आठवड्यातून एकदा एकमेकांच्या ताटातलं खायचं. वरण त्याला आवडलं. हिंग तेलात पडला की उग्रपणा जातो, हे त्याला पटायला दोन रविवार लागले.

खाण्याची पद्धत अस्सल गावरान आहे. काळ्या राय ब्रेडचा जाड तुकडा, त्यावर लोणी, त्यावर चीज, वर कच्च्या कांद्याच्या चकत्या आणि मोहरीची चटणी. सोबत बीअर. नाहीतर सालासकट उकडलेले बटाटे आणि चीज. दक्षिणेत व्हिनेगर, तेल आणि कांद्यात घालूनही खातात. हेसे प्रांतात हांडकेझे नावाचं दुसरं वासाचं चीज असंच देतात, त्याला म्हणतात 'संगीतासह'. संगीत म्हणजे कांदा पचताना पोटातून जे वाजतं ते! मी बाजरीचं पीठ नेलं होतं, भाकरी थापली आणि तिच्यावर चीज, कांदा आणि लसणाचा ठेचा घेतला. राय ब्रेडपेक्षा भाकरी सरस, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडच्या वाइनवाल्यांना हे चीज मिळालं तर त्यांनी कोरडी रेड काढू नये. नाशिकच्या गोडसर व्हाइटशी त्याचं जमेल.

अमेरिकेत तर यावरून पोस्टखात्यात भांडण झालं होतं. १९३५ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मन्रो गावाहून निघालेलं लिम्बुर्गरचं पार्सल आयोवातल्या इंडिपेन्डन्स गावच्या पोस्टमास्तरने वासामुळे परत पाठवलं. मन्रोच्या पोस्टमास्तरला हा गावाचा अपमान वाटला. दोघे ड्युब्युक शहरात हॉटेलमध्ये समोरासमोर बसले, मध्ये चीज, पत्रकार गोळा. तेव्हा आयोवावाल्याने कबूल केलं की आपल्याला मुळात वासच येत नाही!

तर तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलंच, आणि दुकानात लिम्बुर्गर दिसलं, तर पाकिटावरची शेवटची तारीख बघा. पहिलटकरांनी लांबची तारीख घ्यावी, वीट अजून घट्ट असते, वास बेताचा. वरचा थर सुरीने खरवडला तर अजून सौम्य. सवय झाली की जवळच्या तारखेकडे सरका. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. आणि बरणी काचेचीच घ्या, प्लॅस्टिकच्या डब्याचा वास नंतर कितीही घासलं तरी जात नाही.