खेळनिर्मितीतील आवृत्ती-नियंत्रण : संहिता आणि चित्र यांतील भेद

कल्याणचा दुर्गाडी किल्ला व त्याखालची खाडी दाखविणारा एक संगणकीय खेळ चार विद्यार्थी रचीत आहेत. दोघे ठाण्यास राहतात, दोघे डोंबिवलीस, अशी कल्पना करू. प्रारंभी कोणी पेनड्राइव्ह घेऊन लोकलने जातो व दुसऱ्याच्या संगणकावर प्रत उतरवितो. पंधरवड्यात ‘अंतिम’, ‘अंतिम-२’ आणि ‘खरे अंतिम’ अशा तीन प्रती होतात, आणि एकाचे आठ दिवसांचे काम नेमके चौथ्याच प्रतीत राहून जाते.

मराठीच्या अभ्यासकास ही अडचण अपरिचित नाही. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीचे पाठ नकला होता होता बिघडत गेले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजाविले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (१९१९ ते १९६६) निराळा मार्ग धरला : स्वीकृत संहिता वर, आणि पाठभेद त्या त्या पोथीच्या निर्देशासह तळटीपांत. आवृत्ती-नियंत्रण या दुसऱ्या मार्गाचे आहे. जुना पाठ पुसला जात नाही. कोणी, केव्हा व कशासाठी बदल केला याची नोंद राहते. पाठचिकित्सकास पोथ्यांची वंशावळ मागाहून अनुमानाने बांधावी लागते. येथे ती बदल नोंदविताच सिद्ध होते. अर्थात् ‘बदल केले’ एवढेच लिहिलेली नोंद म्हणजे पुष्पिकेवाचून पोथी होय.

आज सर्वाधिक रूढ असलेली गिट ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी रचली. ते काम मुख्यत्वे संहितेचे होते, आणि खेळनिर्मितीची अडचण येथेच सुरू होते. गिट दोन बदल ओळवार ताडून जोडते. एकाच फाइलच्या दूरदूरच्या ओळी दोघांनी बदलल्या तर संयोग आपोआप होतो. एकच ओळ बदलली तर निर्णय माणसाने करावयाचा. तटबंदीच्या त्रिमित आकृतीस मात्र अशा ओळीच नसतात. ठाण्याच्या विद्यार्थ्याने तटाचा उतार आणि डोंबिवलीच्या विद्यार्थिनीने त्याची उंची एकाच रात्री बदलली, तर दोहोंपैकी एकाचे काम बहुधा पुन्हा करावे लागते.

आकारमानाचा प्रश्न वेगळाच. आधीच संकुचित केलेली ६० मेगाबाइटची चित्रफाइल वीस वेळा बदलली, तर इतिहासात सुमारे १.२ गिगाबाइट साठतात, आणि ते प्रत्येकाच्या संगणकावर उतरतात. यासाठी २०१५ मध्ये गिट-एलएफएस ही जोड आली. तीत इतिहासात केवळ एक लहानशी निर्देशक फाइल राहते; मूळ ऐवज वेगळ्या भांडारात. कोणत्या जातीच्या फाइली तिकडे धाडावयाच्या, हे पहिली चित्रफाइल नोंदविण्यापूर्वीच लिहून ठेवावे. मागाहून हे करणे म्हणजे सारा इतिहास पुन्हा लिहिणे, आणि सर्वांनी आपापल्या प्रती टाकून नव्या उतरविणे.

युनिटी या साधनात काम असेल तर आणखी दोन गोष्टींचे अवधान हवे. ‘लायब्ररी’ हे दालन मूळ सामग्रीपासून यंत्र स्वतःच पुन्हा तयार करते. ते नोंदीतून वगळावे. उलट प्रत्येक चित्रासोबतची ‘मेटा’ फाइल क्षुल्लक दिसली तरी वगळू नये. खेळातील दृश्ये चित्राला त्याच्या नावाने नव्हे, तर त्या फाइलीतील ओळखक्रमांकाने ओळखतात. ती गहाळ झाली की यंत्र नवा क्रमांक देते, आणि सहकाऱ्याच्या पडद्यावरून तटबंदीचा रंग नाहीसा होतो.

ज्या फाइलींचा संयोग होत नाही, त्यांना कुलूप लावण्याची सोय एलएफएसमध्ये आहे : एकजण काम करीत असता इतरांनी ती फाइल केवळ पाहावी. कुलूप घेताना सर्व्हरशी जोडणी लागते, म्हणून ते घरून निघण्यापूर्वीच घ्यावे. आणि कुलूप लावून सुटीस गेलेल्या सहकाऱ्याचे कुलूप काढण्याचा अधिकार कोणाकडे राहील, हेही पहिल्याच दिवशी ठरवावे.