टिकाऊ यंत्र, हलका भार

धार जिल्ह्यातील कुक्षीनजीकच्या बाघ गावी खत्री कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात. एकेक ठसा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. आपल्या हातातील मोबाइलची गोष्ट निराळी. बॅटरी आत चिकटवलेली, सुटे भाग दुर्मिळ. शिवाय कंपनीने आज्ञावलीची सुधारणा थांबविली की धडधाकट यंत्रही हळूहळू निरुपयोगी ठरते.

यात खिशाप्रमाणेच धरतीचीही हानी आहे. मोबाइलमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो वापरताना नव्हे, तर खाणीत व कारखान्यात तो घडविताना होतो. तोच फोन दुप्पट वर्षे टिकला, तर घडणीचा वार्षिक भार निम्मा होतो. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा झाला. त्यापैकी जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे.

टिकाऊपणा मुळात आराखड्यातच असावा लागतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तसा नियमच लागू केला: ८०० वेळा भरूनही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरावी आणि विक्री थांबल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग ७ वर्षे मिळावेत. आपल्या शासनानेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले.

म्हणून वाचकहो, आमचे सांगणे एवढेच: नवा फोन घेण्यापूर्वी दुकानदारास विचारावे, ‘बॅटरी बदलता येईल काय? सुटे भाग किती वर्षे मिळतील?’ गिऱ्हाईक विचारू लागले, की कारखानदारालाही विचार करणे भाग पडते.