रोजची उजळणी : तास किती, धडे किती?

डिसेंबर उजाडला, की नायगावपासून विरारपर्यंतच्या ज्या घरांत दहावीचा विद्यार्थी आहे, त्या घरांतील दिनक्रम बदलतो. दूरचित्रवाणीचा आवाज कमी होतो, लग्नाची आमंत्रणे नम्रपणे नाकारली जातात आणि चर्चगेटहून लोकलने दमून परतलेले आई-वडील चपला काढता काढताच विचारतात, ‘आज किती तास अभ्यास झाला?’ शेजारच्या इमारतीतील मुलगी रोज आठ तास बसते, क्लासमधला अमुक एक मुलगा पहाटे चारला उठतो, अशा वार्ता कानावर आल्या की हा प्रश्न अधिक टोकदार होतो. मुलगाही मग तास मोजू लागतो. पुस्तक उघडे असते, घड्याळ पुढे सरकत असते आणि रात्री झोपताना मनात एकच भावना उरते, की आजही पुरेसे झाले नाही.

परीक्षेपूर्वी रोज किती उजळणी करावी, हा प्रश्न योग्यच आहे. चुकते ते मोजमाप. उजळणी तासांत मोजली, की ती बसण्याची परीक्षा ठरते. धड्यांत आणि आठवणाऱ्या मुद्द्यांत मोजली, तरच ती अभ्यासाची परीक्षा होते. हा भेद केवळ शब्दांचा नाही. स्मरणशक्तीविषयी सव्वाशेहून अधिक वर्षे झालेल्या संशोधनाचा कौल याच बाजूने आहे.

विस्मरणाचा उतार

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्मरणावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या ते स्वतः पाठ करीत आणि ठराविक काळानंतर त्या पुन्हा पाठ करायला किती श्रम पडतात, हे नोंदवीत. पहिल्या तासाभरातच केलेल्या श्रमांपैकी निम्म्याहून अधिक वाया गेलेले असत. एका दिवसाने साधारण एक तृतीयांश आणि महिन्याने सुमारे एक पंचमांश फायदा शिल्लक राही. पाठ्यपुस्तकातील अर्थपूर्ण मजकूर एवढ्या वेगाने विसरला जात नाही. परंतु उताराचा आकार तसाच असतो. आरंभी तीव्र, पुढे मंद.

या उतारावर उपाय एकच, तो म्हणजे पुन्हा त्या मजकुराकडे येणे. पण केव्हा? अमेरिकेतील निकोलस सेपेडा, हॅरॉल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १,३५० हून अधिक व्यक्तींवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षा आठवड्याने असेल, तर पहिला अभ्यास आणि उजळणी यांच्यात त्या मुदतीच्या २० ते ४० टक्के, म्हणजे एक ते तीन दिवसांचे अंतर सर्वाधिक लाभदायी ठरले. परीक्षा वर्षाने असेल, तर हे प्रमाण ५ ते १० टक्क्यांवर आले. म्हणजे अंतर काही आठवड्यांचे झाले. दोन महिन्यांवर आलेल्या बोर्डाच्या परीक्षेसाठी यातून व्यवहारात वापरता येईल असा आडाखा निघतो : केलेल्या धड्याकडे साधारण आठवड्याने परतावे. आजचा धडा उद्याच पुन्हा वाचला, तर तो सोपा वाटतो खरा, पण त्यातून हाती फारसे लागत नाही. थोडे विसरू लागल्यावर आठवण्याचा जो ताण पडतो, तोच स्मरण पक्के करतो.

वसईच्या वाड्यांमध्ये पानवेल किंवा भाजी पिकवणाऱ्याला हे तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. आठवड्याचे पाणी एकाच दिवशी सोडले, तर वेल तरारत नाही. उलट मुळे कुजतात. पाणी तेवढेच, पण ते थोडे थोडे आणि ठराविक अंतराने द्यावे लागते.

वाचणे म्हणजे उजळणी नव्हे

दुसरा प्रश्न उजळणीच्या स्वरूपाचा. बहुतेक मुले उजळणी म्हणजे धडा पुन्हा वाचणे, महत्त्वाच्या ओळींवर रंगीत पेन फिरवणे असे समजतात. हेन्री रोडिजर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे दिले. एक उतारा त्यांनी दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून, तो बाजूला ठेवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवला : ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने चित्र उलटले. दोनदा वाचलेल्या उताऱ्यातील ४२ टक्के मजकूर आठवला, लिहून काढलेल्यातील ५६ टक्के.

या आकड्यांतच बोर्डाच्या परीक्षेतील अनेक निराशांचे मूळ आहे. वाचून उठलेल्या मुलाला त्या क्षणी सारे येत असते. ‘घरी येत होते, पेपरात आठवले नाही’ ही त्याची तक्रार खोटी नसते. घरी त्याच्यासमोर पुस्तक होते, एवढाच फरक.

समाधान आणि प्रगती यांची फारकत आणखी एका प्रयोगात दिसली. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये ब्रिटनच्या टपाल कर्मचाऱ्यांच्या टंकलेखन प्रशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेच कौशल्य मिळवण्यासाठी रोज चार तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण तास कमी लागले. तरीही आपल्या प्रशिक्षणाविषयी सर्वांत कमी समाधानी होते ते एक तासवालेच, कारण दिवसांच्या हिशेबात ते मागे दिसत. रोज अडीच तास नेमकी उजळणी करणाऱ्या मुलालाही आठ तास बसणाऱ्या मित्राकडे पाहून असेच वाटते. त्या वाटण्यावरून वेळापत्रक बदलू नये.

हिशेब छप्पन्न धड्यांचा

आता प्रत्यक्ष आकडेमोड. राज्य मंडळाच्या दहावीसाठी २०१८ मध्ये आलेल्या पाठ्यपुस्तकांत गणिताच्या पहिल्या भागात ६ व दुसऱ्या भागात ७, विज्ञानाच्या दोन भागांत प्रत्येकी १०, इतिहासात ९, राज्यशास्त्रात ५ आणि भूगोलात ९ प्रकरणे आहेत. भाषा वगळून ही बेरीज ५६ होते. हाताशी ६० दिवस आहेत असे धरू.

आठवड्याचे सहा दिवस कामाचे आणि एक मोकळा. रोज दोन नवे धडे घेतले, तर ५६ धड्यांची पहिली फेरी २८ कामाच्या दिवसांत पुरी होते. प्रत्येक धड्याला सुमारे ४५ मिनिटे द्यावीत : आधी वही-पुस्तक न उघडता आठवतील ते मुद्दे कागदावर लिहावेत, मग पुस्तकाशी ताडून पाहावेत आणि जे निसटले तेवढेच वाचावे. भूगोलात भारत व ब्राझील यांच्या हवामानाची तुलना असेल, तर दोन रकाने आखून ते मनाने भरावेत. गणितात प्रत्येक प्रकारचे एक उदाहरण उत्तर न पाहता सोडवावे. मोठ्या प्रकरणाचे दोन भाग करावेत.

दुसरी फेरी लक्षात ठेवायला सोपी आहे. सोमवारचे दोन धडे पुढच्या सोमवारी, मंगळवारचे पुढच्या मंगळवारी. या वेळी प्रत्येकी २० मिनिटे पुरतात, कारण आता फक्त निसटलेल्या मुद्द्यांची तपासणी करायची असते. म्हणजे रोज नव्या धड्यांचे दीड तास, जुन्यांची ४० मिनिटे आणि भाषांच्या लेखनासाठी अर्धा तास. एकूण दोन तास चाळीस मिनिटे.

दोन्ही फेऱ्यांना मिळून सुमारे ३९ दिवस जातात. पूर्वपरीक्षेसाठी एक आठवडा वजा केला, तरी अखेरचे १४ दिवस उरतात. त्यांतील १२ कामाच्या दिवसांत रोज चार-पाच धड्यांवरून पंधरा-पंधरा मिनिटे नजर फिरवता येते आणि घड्याळ लावून एक सराव प्रश्नपत्रिकाही सोडवता येते. तीन फेऱ्या, आठ तासांच्या बैठकीविना.

प्रारंभच उशिरा झाला आणि हाती तीसच दिवस असले, तर पहिली फेरी वाचनाने सुरू करू नये. रोज चार धड्यांची दहा-दहा मिनिटांची तोंडी वा लेखी चाचणी घ्यावी आणि धडे तीन गटांत वाटावेत : येणारे, अर्धवट येणारे आणि न येणारे. त्याच दिवशी वेळ द्यायचा तो मधल्या गटाला आधी, कारण तेथे थोड्या श्रमांत अधिक गुण हाती लागतात. न येणारे धडे त्यानंतर, रोज एक याप्रमाणे. पुन्हा परतण्याचे अंतर आठवड्याऐवजी तीन-चार दिवसांवर आणावे. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार असला, तरी कोठे खणायचे हे तरी यातून कळते.

प्रमाण बरोबर आहे का?

दोन धडे हा आकडा पत्थरावरची रेघ नव्हे. आठवड्याने परतल्यावर धड्यातील निम्मे मुद्देही पुस्तकाविना आठवत नसतील, तर प्रमाण जास्त आहे. पुढील आठवड्यात नवा धडा एकच घ्यावा. जवळपास सर्व आठवत असतील, तर तो धडा थेट तिसऱ्या फेरीपर्यंत लांबवून वाचलेला वेळ कच्च्या विषयाला द्यावा. रोजचा वाटा किती, हे अशा प्रकारे त्या विद्यार्थ्याचे स्मरणच ठरवते. शेजारची मुलगी नव्हे आणि क्लासच्या फलकावरील छायाचित्रेही नव्हेत.

मोकळा दिवस हा चैनीचा दिवस मानला जातो. वस्तुतः तो वेळापत्रकाचा कणा आहे. ताप येतो, पाहुणे येतात, लोकल खोळंबते. राहिलेले काम त्या दिवशी भरून निघते. काही राहिलेच नसेल, तर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाऊन यायला हरकत नाही.

झोपेचेही तसेच. अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी रोज ८ ते १० तासांची झोप सुचवली. दिवसा शिकलेले झोपेत स्थिरावते, असे संशोधन सांगते. जागरण करून आणखी एक धडा वाचणारा विद्यार्थी त्या दिवशीच्या उरलेल्या धड्यांची किंमत मोजतो.

घर लहान असले तरी

२०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक नोंदली गेली. नालासोपारा आणि विरारच्या वाढत्या वस्त्यांत अनेक कुटुंबे एका-दोन खोल्यांत राहतात. अभ्यासाची स्वतंत्र खोली ही तेथे कल्पनाच ठरते. विरारहून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. आई-वडील सकाळी निघून रात्री परततात. शाळा दुपारच्या सत्रात असेल, तर सकाळचे तास शांत मिळतात. सकाळच्या सत्रात असेल, तर दुपारचे. नियोजनाची पहिली पायरी म्हणूनच धडे मोजण्याची नसून, आपल्या घरात शांततेचे दोन-अडीच तास कोणते हे शोधण्याची आहे. ते सलग मिळालेच पाहिजेत असेही नाही. एका धड्याला ४५ मिनिटे लागतात. तेवढे चार तुकडे दिवसभरात निघाले तरी भागते.

पुस्तक मिटून आठवण्याच्या या पद्धतीचा आणखी एक गुण असा, की तिला क्लासची फी लागत नाही आणि विचारणाऱ्याला विषय यावाच लागत नाही. आजीने धड्याखालचा स्वाध्याय वाचून प्रश्न विचारला आणि उत्तर पुस्तकाशी ताडून पाहिले, तरी चाचणी झाली.

२०२५ मध्ये दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च अशी चालली. पेपर सुरू झाल्यावरही दोन पेपरांमधले मोकळे दिवस मिळतात, पण ते नव्या धड्यांसाठी नसतात; तीन फेऱ्या झालेल्या मुलाला तेथे केवळ आपल्या कच्च्या मुद्द्यांचा कागद पाहायचा असतो. हा कागद तयार होतो तो डिसेंबर-जानेवारीत, रोजच्या दोन धड्यांतून. तेव्हा रात्री घरी परतलेल्या आई-वडिलांनी प्रश्न विचारावा, पण थोडा बदलून : ‘आज पुस्तक न उघडता काय काय आठवले?’ उत्तरात दोन मुद्दे निसटले, तरी चिंता नको. कोणते निसटले हे कळले, म्हणजे दिवसाची उजळणी झाली.